तारांकित सूट

कूपनवर सगळ्यात मोठ्या टायपात छापलेला आकडा सगळ्यात कमी कामाचा असतो. कामाचे आकडे त्याच्या पायथ्याशी मुंगीच्या पावलांनी चाललेले असतात: किमान ऑर्डर, कमाल सवलत, वार, वेळ, कुठलं कार्ड, किती माणसं. गंमत अशी की या बारीक ओळींपैकी बऱ्याच ओळी कुणाचा तरी हात पोळल्यावर लिहिल्या गेल्या आहेत. कोणाचा, कधी आणि कितीने, हे शोधायला गेलं की जेवणापेक्षा कूपनच चविष्ट लागायला लागतं.

साठ टक्के, पण कशाचे?

'६० टक्के सूट, अपटू १२० रुपये.' यातला मालक १२० आहे. ६० नुसता दारात उभा राहून गिऱ्हाईक बोलावतो.

२०० रुपयांच्या ऑर्डरीवर १२० सुटले, म्हणजे खरोखरच ६० टक्के. ४०० ची ऑर्डर केली तरी सुटणार १२०च. टक्के उरले ३०. घरी पाहुणे आले आणि बिल ८०० वर गेलं, की १५. हिशेब तोंडी करायचा तर कमाल सवलतीच्या रकमेला शंभराने गुणा आणि टक्क्यांनी भागा. १२० गुणिले १०० भागिले ६० म्हणजे २००. तेवढ्या बिलापर्यंत टक्के खरे. त्यापुढे ती फक्त १२० रुपयांची चिठ्ठी. म्हणूनच त्याच यादीत खाली पडलेलं, दिसायला मरतुकडं 'सरसकट २० टक्के' हे कूपन ६०० च्या पुढे साठवाल्याला मागे टाकतं.

किमान ऑर्डरीची अट मात्र नेहमी नुकसानीचीच असते असं नाही. समजा '४९९ च्या वर १२५ रुपये सूट' आहे आणि तुमची ऑर्डर ४७० वर अडकली आहे. साठ रुपयांचे गुलाबजाम वाढवले की पदार्थ होतात ५३० चे, द्यायचे ४०५. म्हणजे गुलाबजाम खाऊन वर ६५ रुपये वाचले. तीच ऑर्डर ३०० ची असेल तर दोनशेचं भरताड घालून द्यायचे ३७५; भूक नसताना ७५ रुपये जास्त. ही किमान रक्कम सहसा फक्त पदार्थांची धरतात. पॅकिंग, डिलिव्हरी आणि कर मिळून तुमचे ५१० झाले असले तरी ॲप ढिम्म हलत नाही, ते याचमुळे.

बेरीज करू नका

'२० टक्के, वर आणखी १० टक्के' म्हणजे तीस नव्हे, अठ्ठावीस. दुसरी सवलत उरलेल्या ऐंशीवर बसते. '५० अधिक २०' हे सत्तर नसून साठ.

टक्के आणि रोख सूट एकत्र मिळाली तर क्रमालाही किंमत येते. हजाराच्या बिलावर आधी २० टक्के कापले आणि मग १०० वजा केले तर द्यायचे ७००. आधी १०० वजा करून मग २० टक्के कापले तर ७२०. वीस रुपये कुठे गेले हे गल्ल्यावरच्या माणसाला विचारू नका. सॉफ्टवेअर कुठला क्रम धरतं ते त्यालाही ठाऊक नसतं. बहुतेक हॉटेलं 'दोन ऑफर क्लब होणार नाहीत' असं लिहून हा प्रश्नच निकालात काढतात.

एकावर एक, आणि बिल मोठ्याचं

'बाय वन गेट वन'खाली एक ओळ ठरलेली असते: समान किंवा कमी किमतीचा पदार्थ मोफत. ५०० चा आणि ३०० चा पिझ्झा घेतला तर ३०० चा फुकट, म्हणजे सूट साडेसदतीस टक्के. दुसरा १५० चा असेल तर २३ टक्के. एकावर एकमध्ये निम्म्याहून जास्त सूट कधीच मिळत नाही, आणि तेवढीही दोन्ही ताटं सारख्या किमतीची असतील तरच. तेव्हा 'मी हलकंच काहीतरी घेते' म्हणणाऱ्या मैत्रिणीबरोबर हे कूपन वापरण्यात अर्थ नाही.

ग्रुपॉन या कंपनीची सुरुवात अशाच सौद्याने झाली. २००८ मध्ये शिकागोत, त्यांच्या कचेरीच्याच इमारतीत तळमजल्यावर असलेल्या बारमध्ये एका पिझ्झ्याच्या किमतीत दोन. हीच कंपनी पुढे भारतात आली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये, कांदा भडकलेला असताना, तिने ९ रुपये किलोने कांदा विकायला काढला. पहिले ३,००० किलो ४४ मिनिटांत संपले. रेस्टॉरंट आणि स्पाच्या कूपनांना इथे एवढी झुंबड उडाल्याचं ऐकिवात नाही.

'एका टेबलाला दोनच' हे कुठून आलं?

नोव्हेंबर २०१७ मध्ये झोमॅटोने भारतात 'गोल्ड' आणलं. वर्गणी भरा, आणि यादीतल्या हॉटेलात एका पदार्थावर एक किंवा दोन पेयांवर दोन मोफत. कल्पना अशी की जोडपं येईल, एक ताट फुकट खाईल, पुन्हा येईल. माणसं मात्र जोडप्याने येईनात. सहा जणांच्या टोळक्यात तिघांकडे गोल्ड असेल तर तिन्ही गोल्ड एकाच टेबलावर चालायची. मुख्य जेवणावर एकाचं, पेयांवर दुसऱ्याचं. सहा खुर्च्या अडल्या, बिल निम्मं, आणि फुकट गेलेल्या ताटांचा भार हॉटेलमालकावर. वर्गणीचे पैसे गेले ॲपकडे.

१५ ऑगस्ट २०१९ ला हॉटेलवाल्यांनी 'लॉगआउट' पुकारलं. मुहूर्त अर्थातच जाणूनबुजून निवडलेला. गुरुग्राममध्ये सुरू झालेलं हे लोण नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनच्या पाठबळाने मुंबई-पुण्यापर्यंत पोचलं आणि शेकडो हॉटेलं यादीतून बाहेर पडली. मग ॲपने अटी बदलायची तयारी दाखवली: एका सभासदाने दिवसातून एकदाच वापरायचं, एका टेबलावर जास्तीत जास्त दोन. आज कुठल्याही कूपनावर 'पर टेबल', 'पर बिल', 'पर डे' असं दिसलं की समजावं, इथून कधीतरी सहा जणांचं टोळकं जेवून गेलंय.

गोल्डचं पुढे 'प्रो' झालं आणि २०२३ मध्ये पुन्हा 'गोल्ड'. भांडण तिथेच संपलं नाही. हॉटेलवाल्यांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगी दोघांच्या चौकशीचा आदेश दिला.

हस्तांतरणीय नाही, म्हणजे नाही

ऑगस्ट २००६. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या कर्मचाऱ्यांना स्टारबक्सने एक ईमेल पाठवला: फुकट आइस्ड कॉफीचं कूपन, जवळच्या मित्रांना आणि घरच्यांना पुढे पाठवा. त्यांनी पाठवलं. मित्रांनी त्यांच्या मित्रांना पाठवलं. काही दिवसांत ते देशभर पोचलं आणि कंपनीने हात वर केले. त्यावर न्यूयॉर्कमधल्या एका ग्राहकाने ११ कोटी ४० लाख डॉलरचा दावा ठोकला. एका कॉफीसाठी! आता प्रत्येकाला वेगळा कोड, एकाच मोबाइल नंबरला एकदाच, 'स्क्रीनशॉट चालणार नाही' हा सगळा बंदोबस्त असतो, तो अशा अनुभवांतूनच आलेला आहे.

मे २००९ मध्ये केएफसीने यापेक्षा मोठा घोटाळा करून घेतला. ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात जाहीर झालं, की वेबसाइटवरून कूपन छापून घ्या आणि नव्या ग्रिल्ड चिकनचं आख्खं जेवण फुकट मिळवा. एक कोटीहून जास्त कूपनं उतरवली गेली. दोन-तीन दिवसांत दुकानांनी ती घेणं बंद केलं, लोक रांगेत भांडले, प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीत मिटलं. त्या कूपनावर एक अट आधीपासून होती: मदर्स डेला चालणार नाही. अमेरिकेत त्या दिवशी घरोघरच्या आया स्वयंपाकाला सुट्टी देतात आणि हॉटेलं तुडुंब भरतात. आपल्याकडे ३१ डिसेंबर आणि व्हॅलेंटाइन डे वगळतात, तेही याच न्यायाने. ज्या दिवशी गिऱ्हाईक आपणहून दार ठोठावतं, त्या दिवशी सूट कशाला द्यायची? म्हणून मंगळवारचं कूपन शनिवारच्या कूपनापेक्षा नेहमी उदार असतं.

आपल्याकडे सरकारनेही 'हस्तांतरणीय नाही' या अटीचा वापर केला आहे. कंपन्या नोकरदारांना देत त्या जेवणाच्या कूपनांवर करमाफी हवी असेल तर ती दुसऱ्याला देता न येणारी आणि फक्त खाण्यापिण्याच्या ठिकाणी चालणारी हवीत, असा आयकराचा नियम. माफीही दीर्घकाळ एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंतच होती. त्या कूपनांवर हिंजवडीपासून बीकेसीपर्यंत किती घरांत तूरडाळ आणि साबण आला असेल, ते आयकर खात्याने न विचारलेलंच बरं.

पैजेवर सूट

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकआधी मॅकडोनाल्ड्सने खरवडायची कार्डं वाटली. कार्डावर एक क्रीडाप्रकार. अमेरिकेला त्यात कांस्य मिळालं तर कोक, रौप्य मिळालं तर फ्राइज, सुवर्ण मिळालं तर बिग मॅक फुकट. याआधी अमेरिका उन्हाळी ऑलिंपिकला गेली होती ती १९७६ मध्ये, आणि तेव्हा तिला ३४ सुवर्णपदकं मिळाली होती. मग मे १९८४ मध्ये सोव्हिएत संघाने बहिष्कार जाहीर केला, पाठोपाठ पूर्व जर्मनीनेही, आणि पदकं लुटायला मैदान मोकळं झालं. अमेरिकेने ८३ सुवर्णांसह १७४ पदकं मारली. काही दुकानांत बिग मॅक संपले. 'अपवादात्मक परिस्थितीत ऑफर मागे घेण्याचा हक्क राखून' हे वाक्य आपण डोळे झाकून ओलांडतो. त्यात मॉस्कोचाही थोडा हात असावा.

अमर्यादित, पण वाटून खाऊ नये

रेड लॉब्स्टर या अमेरिकी साखळीने २००३ मध्ये ठरावीक किमतीत हवे तेवढे खेकडे खाऊ घातले आणि तोटा सोसला. मधे वीस वर्षं गेली. २०२३ मध्ये त्यांनी २० डॉलरला अमर्याद कोळंबी कायमची मेन्यूत घातली. १ कोटी १० लाख डॉलरचा फटका बसला आणि मे २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. बुडण्याला इतर कारणंही भरपूर होती, पण नाव कोळंबीचं झालं.

आपल्या थाळीवाल्यांना हे शहाणपण शिकवावं लागत नाही. 'अमर्यादित थाळी'च्या खाली भिंतीवरच लिहिलेलं असतं: एक थाळी दोघांत खाता येणार नाही, पार्सल मिळणार नाही, गोड एकच वाटी, ताटात टाकल्यास दंड. ॲप येण्याच्या कितीतरी आधीपासून पुण्याच्या पेठांतल्या खाणावळींनी कूपनशास्त्र पूर्णत्वाला नेलं होतं. महिन्याचं कार्ड, त्यावर दोन वेळचे मिळून साठ चौकोन, आणि जेवलात की मावशी एका चौकोनावर पेनाने काट मारणार. जेवायला येणार नसाल तर 'खाडा' धरायचा, पण आदल्या दिवशी सांगून. आयत्या वेळी सांगितलेला खाडा खाडा नव्हे. काही ठिकाणी सलग तीन दिवसांहून कमी खाडा धरतच नाहीत. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. पाहुणा आणलात तर त्याचं वेगळं कूपन, फीस्टला पाहुण्याचा दर वेगळा. कार्ड हरवलं तर नवं काढा. एवढं सगळं पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर आणि स्वच्छ मराठीत. मोठमोठ्या कंपन्यांच्या वकिलांनी इथे महिनाभर जेवून जावं.

बिल हातात आलं की

फॅमिली रेस्टॉरंटमधलं एक बिल घेऊ. पनीर अंगारा ३२०, चार तंदुरी रोट्या १६०, जीरा राइस २००, दोन मसाला पापड १२०. झाले ८००. वर पाण्याची बाटली. कूपन २५ टक्क्यांचं.

बाटलीवर सूट नाही. 'एमआरपीच्या वस्तू वगळून' ही अट सर्रास असते. शिवाय हॉटेलात बाटली एमआरपीपेक्षा जास्त दराने विकता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. उरलेल्या ८०० वर २०० सुटले, राहिले ६००. आता जीएसटी कशावर? ६०० वर. बिलातच वजा झालेली सूट करपात्र किमतीतून वगळली जाते. ५ टक्क्यांनी ३० रुपये, बाटली सोडून एकूण ६३०.

याच जागी 'कॅशबॅक' असतं तर गणित बदललं असतं. कर पूर्ण ८०० वर, म्हणजे ४० रुपये. खिशातून जाणार ८४०, आणि २०० परत येणार मागाहून, कधी वॉलेटमध्ये, कधी पॉइंटांच्या रूपात आणि कधी पुढच्या खेपेला वापरायचं आणखी एक कूपन होऊन. दहा रुपयांचा फरक किरकोळ आहे. मागाहून येणारे दोनशे विसरून जाण्याची शक्यता किरकोळ नाही.

आता बिलात 'सर्व्हिस चार्ज १०%' शोधा. तो सूट कापण्याआधीच्या ८०० वर लावला असेल तर ८० रुपये, म्हणजे मिळालेल्या दोनशेतले चाळीस टक्के गेले. हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट केलं, की तो बिलात आपोआप लावता येणार नाही आणि दुसऱ्या नावानेही घेता येणार नाही. हॉटेलचालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि वर प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. तेव्हा 'तेवढा काढा' म्हणायला लाजू नका. ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

मद्याचं बिल वेगळं येतं, कारण दारू जीएसटीच्या बाहेर आहे आणि तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. कूपन बहुतेक वेळा 'फक्त फूड बिलावर' असतं. चखणा मात्र फूडमध्ये येतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाची अट, जी बहुतेकांना बिल आल्यावर कळते: कूपन ऑर्डर देण्यापूर्वी दाखवावे. कारण सूट असेल तर मेन्यू वेगळा असू शकतो, बुफे वगळलेला असू शकतो, आणि स्वयंपाकघर बंद झाल्यावर 'रात्री १२ पर्यंत वैध' याला काही अर्थ उरत नाही. शेवटची ऑर्डर पावणेअकराला घेत असतील तर कूपन पावणेअकरालाच संपलं.

चांदणीचा कायदा

जाहिरातीत आकड्याच्या डोक्यावर ती बारीक चांदणी असते ना, तिच्यावरही नियम आहेत. ९ जून २०२२ च्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की खालचा खुलासा वरच्या दाव्याच्याच भाषेत हवा, त्याच टायपात हवा आणि त्याने दाव्याला छेद देता कामा नये. म्हणजे वर मराठीत 'सर्व पदार्थांवर ५० टक्के' आणि खाली इंग्रजीत 'सिलेक्टेड आयटेम्स' हे एका फलकावर दोनदा चुकलेलं असतं. असे फलक शोधायला फार लांब जावं लागत नाही.

ॲपमधल्या क्लृप्त्यांसाठी ३० नोव्हेंबर २०२३ ला वेगळ्या सूचना आल्या. त्यांत फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नोंदवले आहेत. 'ऑफर संपायला ४ मिनिटं' अशी खोटी घाई त्यात आहे. न विचारता टोपलीत टाकलेली दोन रुपयांची देणगी त्यात आहे. 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' अशा बटणाने ग्राहकाला ओशाळं करणंसुद्धा आहे.

तीन अटी, निव्वळ मजेच्या

जानेवारी २००९ मध्ये बर्गर किंगने फेसबुकवर सांगितलं: दहा मित्र यादीतून काढा, एक बर्गर फुकट. काढलेल्या मित्राला निरोपही जायचा, की तुझा बळी बर्गरसाठी गेला. २,३३,९०६ मैत्र्या तुटल्यावर फेसबुकने ते निरोप बंद पाडले. याच कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये एका सेंटला बर्गर दिला. अट एवढीच, की ऑर्डर मॅकडोनाल्ड्सपासून ६०० फुटांच्या आत उभं राहून करायची.

आपल्याकडची अशी अट दर निवडणुकीला भेटते. २० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा अनेक हॉटेलांनी बोटावरची शाई दाखवणाऱ्याला २० टक्के सूट दिली. कोड नाही, ॲप नाही, स्क्रीनशॉट चालत नाही, आणि शेजाऱ्याचं बोट उसनं आणता येत नाही. बिअरवर सूट आहे का, असं भर दुपारी विचारणारे निघाले असतील तर त्यांना वेटरने भिंतीवरची दुसरी पाटी दाखवली असणार: मतदान संपेपर्यंत ड्राय डे.